येशूसारखे जगायचे, पण कुणाच्या घरात?

मागच्या खेपेला आमचे बोलणे पाऊण तास लांबले, आणि ज्यांना शेवटची बस गाठायची होती त्यांनी आम्हाला बाहेर पायऱ्यांवर चांगलेच ऐकवले. म्हणून आज घड्याळ समोर ठेवून बसलो आहोत. जे हे नंतर ऑनलाइन वाचतील त्यांची बस काही चुकायची नाही, पण इथे बसलेल्यांचा विचार करायला हवा. तर मंडळी, सुरुवात करू. आणि 'मंडळी' म्हणताना आज जरा जपूनच म्हणायला हवे. मराठी ख्रिस्ती माणूस हा शब्द चर्चसाठीही वापरतो, त्यामुळे आम्ही उपासना सुरू केली असे कुणाला वाटायला नको.

विषय तसा जुनाच आहे. येशूसारखे जगा. हे वाक्य लग्नाच्या आशीर्वादात येते, अंत्यविधीत येते, संडेस्कूलच्या बक्षीस समारंभात तर येतेच येते. इतक्यांदा ऐकल्यावर ते हातातल्या जुन्या नाण्यासारखे गुळगुळीत होते. चालते सगळीकडे, पण त्यावर काय छापलेय ते कुणी बघत नाही. आम्ही पाळक नाही. आमचे काम पुस्तके वाचण्याचे. तेव्हा या वाक्याचे पुस्तकांनी काय केले, आणि त्यातल्या कुठल्या पुस्तकाने ते खरोखर घरात आणून तपासले, एवढेच आज पाहायचे आहे.

पहिले पुस्तक अमेरिकेतले. 1896 साली कॅन्ससमधल्या टोपेका गावी चार्ल्स शेल्डन नावाचे एक पाळक होते. रविवार संध्याकाळच्या उपासनेला गर्दी होत नसे. त्यांनी युक्ती काढली. प्रवचनाऐवजी एक गोष्ट लिहायची, दर रविवारी तिचे एक प्रकरण वाचायचे, आणि ऐन रंगात आली की थांबायचे. पुढचे पुढल्या रविवारी. आज याला आपण मालिका म्हणतो. लोक यायला लागले. ती गोष्ट म्हणजे 'इन हिज स्टेप्स', म्हणजे 'त्याच्या पावलावर पाऊल'. शिकागोच्या एका धार्मिक साप्ताहिकात ती छापून आली, पण हक्क नोंदवण्यात काहीतरी चूक राहिली. मग काय, ज्याला जमेल त्या प्रकाशकाने ती छापली. जगभर प्रती खपल्या आणि शेल्डनना त्या मानाने फारच थोडे पैसे मिळाले. येशूसारखे जगण्याविषयीच्या पुस्तकाची अशी लूट व्हावी, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.

गोष्ट अशी. रेमंड नावाच्या गावात हेन्री मॅक्सवेल हा सुखवस्तू पाळक आहे. एक बेकार झालेला छपाई कामगार त्याच्या दारात येतो, मदत मागतो, आणि हा त्याला वाटेला लावतो. प्रवचन लिहायचे असते ना! विषय ख्रिस्ताचे अनुकरण. रविवारी तोच माणूस चर्चमध्ये उभा राहतो आणि शांतपणे विचारतो, की तुम्ही हे जे गाता, म्हणता, त्याचा अर्थ काय? तिथेच तो कोसळतो आणि पुढे काही दिवसांनी मॅक्सवेलच्याच घरी मरतो. हादरलेला पाळक मग लोकांपुढे प्रस्ताव ठेवतो. वर्षभर कुठलीही गोष्ट करण्यापूर्वी स्वतःला विचारायचे, माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते? आणि उत्तर येईल तसे वागायचे, परिणाम काय व्हायचा तो होवो.

या पुस्तकाला हसणे सोपे आहे, आणि समीक्षक पुष्कळ हसले आहेत. आम्ही आधी त्याच्या बाजूने बोलतो. शेल्डननी प्रश्न थेट पोटापाण्यावर नेला, ही त्यांची मोठी गोष्ट. वर्तमानपत्राचा संपादक मुष्टियुद्धाच्या पैजेची बातमी गाळतो आणि अंकाचा खप पडतो. रेल्वेचा अधिकारी आपल्याच कंपनीची बेकायदा दर आकारणी उघड करतो आणि नोकरी सोडतो. प्रार्थना वाढवा, दाने वाढवा, असे सांगणारी पुस्तके पैशाला पासरी आहेत. तुझा पगार कुठून येतो ते बघ, असे सांगणारी फारशी नाहीत. आमच्याकडे आजही दशांश किती दिला ते विचारतात. उरलेले नऊ भाग कसे कमावले ते कोण विचारतो?

पण पुस्तक म्हणून ते का तोकडे पडते, तेही सांगायला हवे. शेल्डनच्या पात्रांना प्रश्न विचारला की उत्तर मिळते. लगेच मिळते, आणि बहुधा एकच मिळते. खोलीचे दार लावून, गुडघे टेकून मिळते. शेजारच्या माणसाला येशूचे वेगळेच उत्तर मिळाले तर काय करायचे, यावर पुस्तकात चर्चा होते खरी, पण ती पटकन मिटते. दुसरे, तो कामगार. सगळी कथा त्याच्या बोलण्यातून उगवते, आणि तोच सुरुवातीला मरून जातो. उरलेल्या पुस्तकात गरीब आहेत, पण ते ज्यांच्यासाठी काहीतरी केले जाते असे गरीब आहेत. त्यांनी चर्चमध्ये उठून पुन्हा प्रश्न विचारलेला नाही. तिसरे सगळ्यांत महत्त्वाचे. प्रत्येक पात्र चौरस्त्यावर उभे आहे. नोकरी सोडायची की नाही, करार स्वीकारायचा की नाही. आता आपल्यापैकी कुणाच्या आयुष्यात असा चौरस्ता रोज येतो? रोज येते ते वेगळेच. सासूबाईंच्या औषधाची वेळ, भाडेकरूशी कटकट, ऑफिसात आपल्या कामाचे श्रेय दुसऱ्याने लाटणे, रात्री अकराला आलेला पाहुणा. तिथे प्रश्न विचारायला सवडच नसते. तोंडातून शब्द आधी निघतो आणि येशू नंतर आठवतो.

शेल्डन हा माणूस मात्र त्यांच्या कादंबरीपेक्षा चांगला होता, असे आमचे मत झाले आहे. जुने कपडे घालून, बेकार म्हणून, ते स्वतः टोपेकात काम मागत हिंडले होते. गावातल्या काळ्या लोकांच्या वस्तीत काही आठवडे राहिले, आणि पुढे तिथे बालवाडी सुरू करण्यात त्यांचा हात होता. 1900 च्या मार्चमध्ये 'टोपेका डेली कॅपिटल' या दैनिकाने त्यांना आठवडाभर संपादकाची खुर्ची दिली. येशू संपादक असता तर त्याने अंक कसा काढला असता, ते दाखवा म्हणून! खप एकदम तीन लाखांच्या वर गेला. आणि पहिल्या दिवशी पहिल्या पानावर त्यांनी मुख्य बातमी कुठली घ्यावी? हिंदुस्थानातल्या दुष्काळाची.

तो दुष्काळ आपला. 1899-1900 चा, आजी-पणजीच्या तोंडी राहिलेला छप्पनचा दुष्काळ. अहमदनगरच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात तेव्हा पोरकी मुले गोळा होत होती, आणि त्यातली काही एका कवीच्या घरी येऊन पोचली होती. त्या घराकडे जाण्याआधी दोन आडवळणे घ्यायची आहेत. कंटाळू नका.

पहिले आडवळण शुभवर्तमानांचे. येशूसारखे रोजचे आयुष्य जगायचे म्हणता, पण येशूचे रोजचे आयुष्य आहे कुठे? लूक सांगतो, त्याने काम सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे नासरेथची तीसेक वर्षे. रंधा, करवत, लाकडाचा भाव, उधारी बुडवणारे गिऱ्हाईक, धाकटी भावंडे. यातले काहीच लिहिलेले नाही. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात मागे राहिला, एवढा एक प्रसंग आहे, आणि तोही आईबापांचा जीव टांगणीला लावणारा. लिहिलेली आहेत ती पुढची थोडकी वर्षे, आणि त्या वर्षांत त्याला बायको नाही, मुले नाहीत, पगार नाही, घरही नाही. उलट घरचे भेटायला आले तर माझी आई कोण, भाऊ कोण, असे विचारणारा तो आहे. मुलाबाळांच्या माणसाने यातले नेमके कशाचे अनुकरण करायचे? घर सोडण्याचे? काहींनी तेच केले, आणि मागे राहिलेल्यांचे काय झाले ते चरित्रकारांनी तळटीपेत टाकले.

दुसरे आडवळण जास्त अडचणीचे आहे. शेल्डनच्या पुस्तकाचे नाव नव्या करारातून येते. पेत्राचे पहिले पत्र, दुसरा अध्याय. ख्रिस्ताने तुमच्यासाठी कित्ता घालून दिला, त्याच्या पावलांवरून चाला, अशा अर्थाचे ते वचन आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुष्कळदा दिसते. पण कॅलेंडरवर वचन एकटे असते. घरी जाऊन तीन ओळी वर वाचा. ते कुणाला उद्देशून आहे? घरकामाच्या दासांना. धनी चांगला असो की वाकडा, त्याच्या अधीन राहा, अन्यायाने मार बसला तरी सोसा, कारण ख्रिस्तानेही सोसले. म्हणजे येशूसारखे जगण्याची ही जी पायवाट, ती त्या पत्रात आधी मालकाला दाखवलेली नाही. मार खाणाऱ्याला दाखवलेली आहे.

यावर पंडितांची उत्तरे आहेत, आम्हाला ठाऊक आहेत. दासाला ख्रिस्ताच्या जागी उभे केले हा त्या काळात दासाचा केवढा मोठा मान, हे एक उत्तर. ते खोटे नाही. पण वचन ज्या वाटेने पुढे प्रवास करते ती वाटही समीक्षकाने पाहायला हवी. आमच्या ओळखीच्या एका बाईंचा नवरा पिऊन मारहाण करी. त्या आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. त्यांना सांगण्यात आले, बाई, प्रभूने क्रूस वाहिला, तुम्हीही आपला वाहा. नवऱ्याला कुणी काही सांगायला गेले नाही. त्या बाईंनी नंतर आम्हाला विचारले ते आम्ही विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, क्रूस वाहायचा हे कळलं हो, पण मारणारे शिपाई पण मंडळीतलेच असायला हवेत का?

नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. त्यांना 'नम्र व्हा' सांगणे आणि चित्पावन घरातून आलेल्या माणसाला 'नम्र व्हा' सांगणे, हे एकच वाक्य नाही. एकाला उतरायला पायऱ्या आहेत. दुसऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या तळाशीच ठेवलेले, तो आणखी कुठे उतरणार? येशूच्या अनुकरणावरची मराठी पुस्तके बहुतेक वरून खाली आलेल्या माणसांनी लिहिली, त्यामुळे त्यागाला त्यांत फार मोल आहे. ज्याने येशूचे नाव घेऊन पहिल्यांदा पाठ ताठ केली, त्याच्यासाठी येशूसारखे होणे म्हणजे कदाचित ते ताठ होणेच असेल. ते पुस्तक आम्हाला अजून हवे तसे मिळालेले नाही.

पंडिता रमाबाईंचा एक धागा इथे ओढतो आणि सोडतो, कारण त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवे. 1883 साली इंग्लंडात वाँटेजच्या आश्रमात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन आणि त्यांच्यात जी पत्रापत्री झाली ती 1977 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. जरूर वाचा. वरिष्ठांचे म्हणणे थोडक्यात असे की तू अजून पुरेशी नम्र नाहीस, आज्ञाधारक नाहीस. आणि वाद कशावरून? अंडी घातलेले पुडिंग खात नाही यावरून. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत यावरून. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली त्यावरून. रमाबाई ठामपणे कळवतात की ख्रिस्त मान्य, पण तुमचे जेवण आणि तुमची भाषा म्हणजे ख्रिस्त नव्हे. पुडिंगच्या ताटलीपाशी येऊन ठेपलेला हा धर्मवाद आम्हाला फार मोलाचा वाटतो. रोजचे जगणे म्हणतात ते हेच की.

आता टिळकांच्या घरी जाऊ. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत आले. मराठी वाचकाने ते वाचलेले असते, निदान शाळेत उतारा तरी. आत्मचरित्र म्हणून, विनोद म्हणून, बोलीचा नमुना म्हणून त्यावर पुष्कळ लिहून झालेय. पण आम्हाला ते ख्रिस्ताच्या अनुकरणावरचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक पुस्तक वाटते. बाईंनी स्वतः असा दावा कुठेही केलेला नाही. कदाचित म्हणूनच.

नारायण वामन टिळक. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि अडकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायको तेव्हा जवळ नव्हती. तिच्या दृष्टीने आभाळच कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले, मधे लहान दत्तू, आणि भोवती नातेवाइकांचा गराडा.

आता हा माणूस येशूसारखे जगण्याचा खराखुरा प्रयत्न करतो. खिशात असेल ते समोरच्याला देतो. कुणीही घरी आणतो, जेवू घालतो, ठेवून घेतो. दुष्काळातली पोरे येतात, विद्यार्थी येतात, पुढे बालकवी ठोंबरे येतात आणि घरचेच होऊन राहतात. 1917 मध्ये टिळक मिशनचा पगारही सोडतात, ख्रिस्ती संन्यासी होतात आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडतात. जुन्या चरित्रकाराच्या हाती हे सगळे दिले तर तो काय लिहील ते आपण डोळे मिटून सांगू शकतो. महात्मा, त्यागी, दीनांचा कैवारी.

'स्मृतिचित्रे' याच गोष्टी सांगते, पण चुलीपाशी बसून. आणि तिथून त्या अगदी निराळ्या दिसतात. टिळकांनी दिलेला पैसा हा घरखर्चाचा पैसा आहे. टिळकांनी आणलेला पाहुणा जेवणार आहे लक्ष्मीबाईंनी केलेले जेवण. टिळकांचे औदार्य खरे, आणि त्यांचा राग म्हणजे तर काय विचारावे! जगाला दुसरा गाल पुढे करणारा माणूस घरात क्षणात भडकतो. हे बाई लपवत नाहीत. पण हिशेब चुकता करायचा म्हणूनही लिहीत नाहीत. त्या हसतात. स्वतःला आधी हसतात, मग टिळकांना. आणि टिळकांवर त्यांचा जीव आहे हे दर पानावर कळते.

या पुस्तकातून आम्ही जो प्रश्न उचलला तो शेल्डनच्या प्रश्नाशेजारी ठेवून बघा. शेल्डन विचारतात, येशूने काय केले असते? लक्ष्मीबाई हे शब्द वापरत नाहीत, पण त्यांचे पुस्तक विचारते, आणि त्याचे मोल कुणी भरले? शुभवर्तमानातली मार्था आठवा. येशू घरी आला, मरिया पायाशी ऐकत बसली, मार्था स्वयंपाकात गुंतली, तिने तक्रार केली आणि येशूने तिला सौम्य शब्दांत सांगितले की मरियेने चांगला वाटा निवडला. या गोष्टीवर आम्ही चाळीस तरी प्रवचने ऐकली असतील. त्या दिवशी जेवण शेवटी कुणी केले, हे एकातही निघाले नाही. 'स्मृतिचित्रे' म्हणजे मार्थेने लिहिलेले शुभवर्तमान आहे, आणि ही मार्था अधूनमधून मरियेच्याही जागी जाऊन बसते.

कारण बदलतात त्या लक्ष्मीबाईच. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड होते, बाजारातून आलेली चीज धुऊन घेतल्याशिवाय चालायचे नाही. असल्या घरातली मुलगी. नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी घेऊन आल्या. टिळकांनी त्यांना ख्रिस्ती व्हा म्हणून जबरदस्ती केली नाही. इथे टिळकांना पुरे गुण द्यायला हवेत. इतका तापट माणूस, पण बायकोच्या वेगळ्या चुलीपुढे त्याने धीर धरला. आम्हाला विचाराल तर देवाच्या दरबारापेक्षा टिळक येशूच्या जवळ गेले असतील ते त्या वेगळ्या चुलीच्या दिवसांत. आणि मग वाद हरल्यामुळे नव्हे, कुणी दबाव आणला म्हणूनही नव्हे, बाईंच्या स्वतःच्या मनात विचार पालटला. जात ही देवाने केलेली नाही असे त्यांना वाटले आणि त्यांनी ठरवून टाकले, यापुढे कुणाच्याही हातचे खायचे. बाप्तिस्मा पुढे, 1900 मध्ये. आधी पाण्याचा पेला बदलला, मग धर्म. शेल्डनच्या पात्रांना एका रविवारी शपथ घेऊन सोमवारी फळ मिळते. इथे वर्षे लागतात, आणि बदल घडतो तो स्वयंपाकघरात.

आता पुस्तकाची आम्हाला खटकणारी बाजू. लक्ष्मीबाईंचा विनोद इतका लखलखीत आहे की तो कधी कधी आपल्याला सोडवून टाकतो. नवरा न सांगता निघून गेलाय, घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, आणि वाचक हसतोय. बाईंनी ते हसून सोसले हे त्यांचे मोठेपण. पण आपण हसून पुढे जातो, ते काय मोठेपण? आणखी असे की त्यांचे हसणे ही एका विलक्षण बाईची देणगी होती. ज्या बाईला ती देणगी नाही तिने काय करायचे? पिढ्यांनी 'बघा, लक्ष्मीबाईंनी कसे निभावले' म्हणून हे पुस्तक सुनांच्या हाती दिले असेल, तर तेही पेत्राच्या पत्राच्याच वाटेने गेले. त्यात पुस्तकाचा दोष थोडा, देणाऱ्याचा फार.

आणि टिळकांवर आपण आज खुर्चीत बसून निकाल देऊ नये हेही खरे. त्या माणसाने जे सोडले ते आपल्यापैकी कितीजण सोडतील? आम्ही तर नाही. पण म्हणून त्यांच्या बायकोने काय सोडले ते मोजायचे नाही, असे होत नाही.

बरोबर सव्वा सात झाले. प्रश्न घेऊ.

(मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारले: मग सर, येशूसारखे जगायचा प्रयत्नच करायचा नाही, असे तुमचे म्हणणे आहे का?)

नाही ताई, तसे नाही. बरे झाले विचारलेत. आमचे म्हणणे एवढेच की प्रयत्न खोलीचे दार लावून करू नये. शेल्डनचा प्रश्न चांगला आहे, फक्त तो एकट्याने विचारायचा नाही. योहानात पाय धुण्याचा प्रसंग आहे ना, त्यात पेत्र आधी नको म्हणतो. ज्याचे पाय धुवायचे त्याला तिथे बोलता येते, तो अडवू शकतो, आणि येशू त्याच्याशी बोलतो. ओढून पाय धुवत नाही. टिळकांनी पाहुणा आणायच्या आधी घरात विचारले असते तर? कदाचित लक्ष्मीबाई हो म्हणाल्या असत्या. बहुधा म्हणाल्याच असत्या, कारण पुढे त्यांनी स्वतःही मुले सांभाळलीच, टिळकांनी सांगितले म्हणून नव्हे.

(त्याच ताई: पण विचारत बसलं तर कधी होणारच नाही काही. आमच्या घरात विचारलं तर सगळे नाहीच म्हणतील.)

हो, हेही खरे. याला आमच्याकडे उत्तर नाही. टिळकांनीही बहुधा हेच म्हटले असते.

अजून कुणी? नाही? मग पुढच्या खेपेची सूचना देतो. टिळकांनी येशूच्या चरित्रावर 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले आणि ते अपुरे टाकून 1919 मध्ये ते गेले. ते पुरे केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांचे शाळेतले शिक्षण नावालाही नव्हते. येशूचे चरित्र एका लेखणीतून दुसऱ्या लेखणीत जाते तेव्हा येशू बदलतो का, हे आपण दोन्हींचे भाग शेजारी ठेवून बघणार आहोत. ज्यांच्या घरी जुनी प्रत असेल त्यांनी आणावी, आमच्या प्रतीची मधली पाने वाळवीने नेली आहेत. आणि खुर्च्या आत लावायला दोघे-तिघे थांबलात तर बरे होईल, मागच्या वेळी रखवालदारांना एकट्याने लावाव्या लागल्या.